पाचव्या कंपार्टमेंटचं दार

पहिला दिवस : मुंबई ते सोलापूर

कोणार्क एक्सप्रेसने मुंबई सोडली तेव्हा मामांच्या बॅगेत रक्तदाबाच्या गोळ्या, आमरसाचे दोन डबे आणि लाकडाची एक गुट्टी होती. भिंतीत खिळ्यासाठी ठोकतात तसली नव्हे. वीतभर लांब, एका टोकाला मनगटाएवढी जाड, दुसऱ्या टोकाला बोटाएवढी निमुळती. लहानपणी मी तिला मोडका भोवरा समजायचे. मामांच्या कपाटात वरच्या फळीवर ती कायम असायची, आणि आम्ही भाचरांनी तिला हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

मामा नौदलात होते, पाणबुडीवर इलेक्ट्रिशियन होते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्यापुढे ते कधी बोलले नाहीत. पण घरात त्या नोकरीच्या खुणा होत्या. गच्चीवरच्या टाकीचा वाल्व्ह पूर्ण उघडायचा आणि मग पाव फेरा मागे घ्यायचा, हा मामांच्या घरचा कायदा. मामी तसंच करायची, मुलं तसंच करायची, का ते कुणी विचारलं नव्हतं. रात्री मोरीतला नळ ठिबकायला लागला की घरात सगळ्यांच्या आधी मामा उठायचे.

मामी गेल्याला दोन वर्षं झाली. यंदा विशाखापट्टणमहून त्यांच्या जुन्या दोस्ताचा फोन आला, की 8 डिसेंबरला ये, जे उरलेत ते सगळे जमणार आहेत. 8 डिसेंबर हा आपल्या नौदलाचा पाणबुडी दिवस. 1967 साली याच तारखेला तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात भारताची पहिली पाणबुडी, आयएनएस कलवरी, नौदलात दाखल झाली. मामांचे गुडघे आता एकट्याने एवढा प्रवास करण्यासारखे राहिले नाहीत. मी म्हटलं, मी येते.

घाट चढून गाडी लोणावळ्यात शिरली तशी मामांनी खिडकीकडे तोंड केलं. "इथे शिवाजी," ते म्हणाले. आयएनएस शिवाजी, 1945 पासूनचा नौदलाचा तळ. इंजिनांचं शिक्षण इथे मिळतंच, शिवाय जहाजाला भोक पडलं, आग लागली, तर काय करायचं तेही इथेच शिकवतात. या शिक्षणाला नौदलात डॅमेज कंट्रोल म्हणतात. आता तिथे गोवा शिपयार्डने बांधलेला सिम्युलेटर आहे. जहाजाचा एक तुकडाच उभा केलाय म्हणा ना. तो लाटेवर असल्यासारखा डोलतो, फुटलेल्या पाइपांतून आणि भिंतींतून पाणी आत येतं, आणि मुलांनी ते बुजवायचं. मामांच्या वेळी एवढं काही नव्हतं. लोखंडी खोली, भिंतीला भोकं, बाहेर पंप.

"पाण्याची भीती नंतर गं," मामा म्हणाले. "आधी आवाज. लोखंडी डब्यात चार ठिकाणांहून पाणी सुटलं की शेजारचा ओरडतोय हे दिसतं, ऐकू येत नाही. म्हणून खांद्यावर थाप मारायची, बोटाने दाखवायचं. पहिल्या दिवशी आम्ही दहा जण होतो. दहाही जण एकाच भोकाकडे धावलो. बाकीची तीन तशीच वाहत राहिली."

दाभोळच्या खाडीकाठी वाढलेला हा माणूस. होडीत साचलेलं पाणी करवंटीने उपसायचं काम लहानपणापासून त्यांच्याकडेच असायचं. लोणावळ्याच्या त्या खोलीत पाणी कमरेला लागलं तेव्हा पहिल्यांदा मनात करवंटीच आली, असं ते म्हणाले, आणि मग सोलापूर येईपर्यंत गप्प होते.

दुसरा दिवस : सोलापूर ते विशाखापट्टणम

सकाळी सिकंदराबाद, दुपारी विजयवाडा. राजमहेंद्रीला गोदावरीचा पूल लागला तेव्हा डब्यातल्या आम्हा दोघांनीच हात जोडले असावेत. त्र्यंबकेश्वरी ओंजळीत मावणारी नदी इथे समुद्रासारखी पसरलेली. मामांनी माझी वही मागून घेतली आणि पूल संपेपर्यंत तिच्यात आकडे मांडले. ते आकडे इथे देते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

पाच सेंटिमीटरचं भोक धरा, म्हणजे साधारण लिंबाएवढं. पाणबुडी दहा मीटर खोलीवर असेल तर त्या लिंबाएवढ्या जागेवर बाहेरचं पाणी 20 किलोचा जोर लावतं आणि सेकंदाला बादलीभर आत येतं. मिनिटाला एक टन. शंभर मीटरवर तोच जोर 200 किलोचा होतो आणि पाणी सेकंदाला तीन बादल्या, मिनिटाला तीन टन.

"आता सांग, शंभर मीटरवर ही गुट्टी समोरून कशी घुसवशील?"

मी म्हटलं, नाही घुसवता येणार.

"नाहीच. समोर उभं राहायचंच नाही. पाण्याची ती धार हात मोडते. बाजूने जायचं, भिंतीला चिकटून. गुट्टीला कापड गुंडाळायचं, निमुळतं टोक बाजूने धारेत सरकवायचं, आणि एकाने धरायचं, दुसऱ्याने हातोडा मारायचा. तेही दाब कमी असेल तर. म्हणून गुट्टी हे पहिलं काम नव्हेच. पहिलं काम, ज्या पाइपातून पाणी येतंय त्याचा समुद्राकडचा वाल्व्ह बंद करायचा. त्याच वेळी कंट्रोल रूममध्ये कळवायचं, म्हणजे ते बोट वर काढायला लागतात. खोली चौथ्या हिश्शावर आली की जोर चौथा हिस्सा होतो आणि पाणी निम्मं. मग गुट्टीची वेळ येते."

पाणबुडीला ही मंडळी बोट म्हणतात. चार दिवसांत त्यांच्यापैकी कुणाच्याही तोंडून मी पाणबुडी हा शब्द ऐकला नाही.

गुट्टी मऊ लाकडाची का, तेही त्यांनी सांगितलं. सागवान टणक, भोकाच्या वेड्यावाकड्या कडेवर ते बसत नाही. मऊ लाकूड कडेत दबतं आणि पाणी पिऊन फुगतं, म्हणजे ज्याला अडवायचं त्याच पाण्याने घट्ट बसतं. आणि टाकीच्या वाल्व्हचा तो पाव फेरा? पूर्ण उघडलेला वाल्व्ह शेवटपर्यंत आवळून ठेवला, तर अंधारात हात लावणाऱ्याला तो बंद होऊन अडकलाय की उघडा आहे ते कळत नाही. पाव फेरा मागे असला की हाताला हलतो, आणि हलला म्हणजे उघडा. चाळीस वर्षं आमच्या घरातल्या बायका बोटीवरचा हा नियम पाळत आल्या होत्या.

संध्याकाळी विशाखापट्टणमच्या फलाटावर पांढऱ्या मिशांचा एक ठेंगणा माणूस उभा होता. मामा पायऱ्या उतरायच्या आत त्याने हाक मारली, "ए फ्यूज!" मामांना कुणी असं हाक मारताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. मामा म्हणाले, "डिझेल." दोघांनी एकमेकांच्या दंडाला धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. हे गृहस्थ मूळचे राजमहेंद्रीकडचे, इंजिन मेकॅनिक. मीही त्यांना डिझेलकाकाच म्हणायला लागले. त्यांच्या घरी काकूंनी चिंचेचा आंबट भात आणि गोंगुराची चटणी केली होती. मामांनी न विचारता दोनदा वाढून घेतलं.

तिसरा दिवस : कुरसुरा

रामकृष्ण बीचवर वाळूत काँक्रीटच्या आधारावर आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी ठेवलेली आहे. लांबी 91 मीटरच्या थोडी वर. सोव्हिएत बनावटीची, नाटो ज्यांना फॉक्सट्रॉट म्हणायचं त्या जातीची. 18 डिसेंबर 1969 रोजी रीगालाच नौदलात आली, 73,500 सागरी मैल फिरली, 27 फेब्रुवारी 2001 ला निवृत्त झाली. 2002 च्या ऑगस्टपासून संग्रहालय आहे. आत माणसं 75 आणि टॉर्पेडो 22 असायचे.

आतला वाटाड्या नौदलातूनच निवृत्त झालेला होता. मामांना तो ओळखत नव्हता. पण एका कंपार्टमेंटमधून दुसऱ्यात जायच्या वाटेशी आम्ही आलो. पुढचे पर्यटक डोकं आधी घालून, चाचपडत, एकमेकांना सांभाळत आत जात होते. मामांची पाळी आली. त्यांनी वरच्या कडेला दोन्ही हात धरले, एक पाय आधी आत टाकला, कंबर मागोमाग आणि डोकं शेवटी. घरी तीन पायऱ्या चढताना कठडा धरणारा माणूस एका झटक्यात पलीकडे गेला. वाटाड्याने हातातला टॉर्च खाली केला आणि विचारलं, "कौन सी बोट, सर?"

मामांनी नाव सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, त्याचं कारण उद्याच्या हकिकतीत आहे.

अशा बोटीचे सात भाग असतात. पहिल्यात पुढचे टॉर्पेडो, दुसऱ्यात अधिकाऱ्यांच्या जागा आणि त्यांच्या खाली बॅटऱ्या, तिसऱ्यात कंट्रोल रूम, चौथ्यात पुन्हा खाली बॅटऱ्या आणि वर स्वयंपाकघर, पाचव्यात तीन डिझेल इंजिनं, सहाव्यात तीन इलेक्ट्रिक मोटरी, सातव्यात मागचे टॉर्पेडो आणि खलाशांची झोपायची जागा. मधल्या भिंती नुसत्या आडोशाच्या नाहीत. एका भागात पाणी भरलं तर बाकीच्यांनी जगावं म्हणून त्या आहेत. मला हे कागदावर समजलं होतं. चौथ्या आणि पाचव्याच्या मधल्या भिंतीला तळहात टेकवून उभी राहिले तेव्हा अंगावर आलं.

चौथ्यात मामा जमिनीकडे बघत म्हणाले, "आम्हा इलेक्ट्रिशियनांना पाण्याची वेगळी भीती. खारं पाणी बॅटरीच्या ॲसिडला मिळालं की क्लोरिन वायू सुटतो. बुडायच्या आधी माणूस गुदमरतो. म्हणून इथे एक चमचा पाणी दिसलं तरी आम्ही पळायचो."

पाचवं कंपार्टमेंट इतकं अरुंद, की दोन इंजिनांमधून जाताना माझी पर्स दोन्हीकडे घासली. मामांनी डोळे मिटले. डावा हात खांद्याच्या उंचीवर नेला आणि न बघता एका चाकावर ठेवला. मग दोन पावलं, उजवा हात खाली, दुसरं चाक. मग वाकून तिसरं. पाणबुडीवर नवा आलेला मुलगा अंगावर डॉल्फिनचा बिल्ला लावायला पात्र व्हायचा तर त्याने बोटीतली पाइपन् पाइप रांगत जाऊन बघायची, कागदावर काढायची, आणि शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून सांगितलेला वाल्व्ह शोधून द्यायचा. "आपलं काम असो की दुसऱ्याचं," मामा म्हणाले. "स्वयंपाक्याला मोटरी माहीत, मला इंजिन माहीत. पाणी आलं की जो तिथे उभा असेल त्याचं ते काम."

मागे शाळेच्या सहलीची मुलं थांबली होती. एका मुलीने वाटाड्याला तेलुगूत काहीतरी विचारलं. त्याने हसून मामांकडे बोट केलं आणि आम्हाला हिंदीत सांगितलं, "पूछ रही है, पानी अंदर आया तो?" मामांनी बॅगेतून गुट्टी काढून त्या मुलीच्या हातात दिली. डाव्या हाताच्या अंगठ्याची आणि बोटाची गोल कडी केली आणि तिला खुणेने सांगितलं, घाल. तिने गुट्टी सरळ आत दाबली. मामांनी मान हलवली, तिचा हात धरून बाजूने आणला, तिरका सरकवला, मग मुठीने वरून दोन ठोसे मारले. सगळ्या मुलांना एकेकदा करायचं होतं. वाटाड्याने मागची रांग थोपवून धरली.

चौथा दिवस : 8 डिसेंबर

सकाळी एका छोट्या हॉलमध्ये तीस-पस्तीस म्हातारे जमले. केरळचे, आंध्रचे, बिहारचे, पंजाबचे, आणि कोकणातले आमचे मामा. भाषा नौदलाची हिंदी. आधी नावं वाचली, गेल्या वर्षभरात गेलेल्यांची. सगळे उभे होते. त्यात 2013 च्या 14 ऑगस्टची आठवण कुणी काढली. त्या रात्री मुंबईच्या नौदल गोदीत स्फोट होऊन सिंधुरक्षक ही बोट बुडाली आणि 18 जण गेले. पुढच्याच फेब्रुवारीत सिंधुरत्नवर धुराने दोन अधिकारी गेले. ही मुलं यांच्या नातवंडांच्या आगेमागेच्या वयाची. कुणीच भाषण केलं नाही.

इडली-उपम्यानंतर मी ऐंशीच्या घरातल्या एका चीफसाहेबांशेजारी जाऊन बसले. ते व्लादिवोस्तोकला शिकायला गेलेल्या सुरुवातीच्या तुकड्यांपैकी. त्यांचा आवाज बारीक झालाय, पण हात अजून सगळं दाखवतात.

"आम्हाला आधी रशियन शिकवली," ते म्हणाले. "मग बोट शिकवली. मग पाणी." त्यांची पाण्याची खोली म्हणजे बोटीचंच एक कंपार्टमेंट, खऱ्या पाइपा, खरे वाल्व्ह. पाणी थंड. इतकं, की बोटांना हातोडा धरलाय की नाही ते कळायचं नाही. भिंतीवर अडकवलेल्या सामानात लाकडाच्या पाचरी, गुट्ट्या, रबर लावलेल्या लोखंडी फळ्या आणि लांब करता येणारा लोखंडी टेकू. फळी भोकावर बाजूने सरकवायची, टेकूचं एक टोक फळीवर, दुसरं समोरच्या मजबूत जागी, आणि स्क्रू फिरवून आवळायचा. आपल्याकडे कललेल्या भिंतीला वासा लावतात तसंच ते. फरक एवढाच, की इथे भिंत पडण्याआधी तुम्हीच पाण्याखाली जाता.

मग कान. मला हे माहीत नव्हतं. बंद खोलीत पाणी चढायला लागलं की हवा दाबली जाते. पाण्याने अर्धी खोली व्यापली की हवेचा दाब दुप्पट. कानात सुया टोचतात, बोलणं चिरकं येतं. "आणि मग ते दाब सोडायचे तेव्हा," चीफसाहेबांनी दोन्ही हात तोंडासमोर पसरले, "धुकं. एका क्षणात. शेजारचा माणूस नाहीसा. पहिल्या वेळी मला वाटलं, मी मेलो, हेच ते."

सगळ्यात वाईट टॉर्पेडोची नळी. बुडालेल्या बोटीतून सुटायचा रशियन मार्ग तिच्यातून जायचा. नळीचा व्यास 533 मिलिमीटर. श्वसनयंत्र आणि रबरी सूट चढवून एकामागून एक आत सरकायचं, मागचं दार बंद होणार, नळीत पाणी भरणार, बाहेरच्या समुद्राइतका दाब होणार, मग पुढचं दार उघडणार. बाहेर तरंगत्या बोयाला बांधलेली दोरी, तिला ठरावीक अंतरावर गाठी. प्रत्येक गाठीवर थांबायचं, मोजायचं, मग पुढची गाठ. घाईने वर आलं तर रक्तात वायूचे बुडबुडे होतात. सरावात हे सगळं टाकीत. पण नळीतल्या अंधाराला टाकी काय आणि समुद्र काय.

"नळीत कसला विचार यायचा?" मी विचारलं.

"पुढच्याच्या बुटाचा," ते म्हणाले. "माझ्या डोक्याला त्याचा बूट लागला पाहिजे. लागला म्हणजे तो हलतोय. मागच्याच्या डोक्याला माझा. बस, तेवढंच."

बोलता बोलता त्यांनी स्क्वॉलस या अमेरिकन बोटीची गोष्ट काढली. त्यांना ती तरुणपणी एका शिक्षकाने सांगितली होती आणि तेव्हापासून त्यांनी ती पुढच्या सगळ्या मुलांना सांगितली. 23 मे 1939. सरावात बुडी मारताना इंजिनांना हवा घ्यायचा मोठा वाल्व्ह उघडा राहिला आणि मागचे भाग भरत गेले. कंट्रोल रूम आणि मागचा भाग यांच्यामधल्या दारावर लॉइड मॅनेस नावाचा इलेक्ट्रिशियन होता. बोटीचं शेपूट खाली कललेलं, म्हणजे ते जड दार त्याला चढावर ओढायचं होतं. ते बंद होत आलं होतं. मागून ओरडत काही जण आले. त्याने दार धरून ठेवलं, ते आत आले, आणि मग पाणी उंबऱ्यावरून यायला लागल्यावर त्याने ते लावलं. मागे 26 जण गेले. पुढचे 33 जण 70 मीटरहून अधिक खोलीवर अडकले होते, त्यांना लोखंडी घंटेसारख्या पेटीतून चार फेऱ्यांत वर काढलं.

हे ऐकताना मामा उठून बाहेर गेले. मला वाटलं, गुडघे अवघडले असतील.

रात्री जेवणानंतर डिझेलकाकांच्या गच्चीवर बसलो. दूर बंदराचे दिवे. तिथे ते दोघं बोलले. मला वाटतं, माझ्यामुळे बोलले. तिसरं माणूस ऐकणारं असलं की कधीकधी जमतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोट पाण्याखाली होती, फार खोल नव्हे. पाचव्या कंपार्टमेंटमध्ये समुद्राच्या पाण्याच्या एका पाइपाचा जोड सुटला. तिथे दोघं होते, त्यातले एक डिझेलकाका. मामा सहाव्यात, मोटरींवर, दारापाशी. आरोळी आली. नियम असा, की ज्या भागात पाणी आलंय तिथल्या माणसांनी तिथेच राहून लढायचं. तिथून कुणी बाहेर पडायचं नाही, आणि शेजारच्यांनी दार लावायचं. नियम रशियनांचा, पण आता तो यांचाही होता. दाराच्या चौकटीतून मामांना डिझेलकाका दिसत होते, चार हात अंतरावर, पाठमोरे.

"मी दार लावलं," मामा म्हणाले. "हुकूम येईपर्यंत थांबलो नाही. हात आपोआप गेला. दांडा फिरवला आणि त्याच्यावर छाती टेकून उभा राहिलो. पलीकडून आवाज येत होता, लोणावळ्याच्या खोलीतला तोच आवाज. मला आजही वाटतं, मी थोडा थांबलो असतो तर हे दोघं इकडे येऊ शकले असते."

डिझेलकाका खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. "मला दाराचा आवाज ऐकू आला. एवढ्या पाण्यातही आला. आणि फ्यूज, खरं सांगतो, तोवर मी दाराचाच विचार करत होतो. तू लावलंस आणि माझ्या डोक्यातलं दार गेलं. मग नुसता वाल्व्ह उरला."

दिवे गेले होते, पाण्याचं धुकं झालं होतं, धार छातीवर येत होती. ते खाली बसले आणि भिंतीकडून हाताने मोजत गेले. एक पाइप, दुसरा, मग खाली. वाल्व्ह हाताला लागला, पाव फेरा हलला, म्हणजे उघडा. तो त्यांनी बंद केला. दुसऱ्या मुलाने गळक्या जोडावर कापड आवळून धरलं. बोट वर आली. दार उघडलं तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं आणि बाहेर दांड्याशी उभ्या असलेल्या मामांच्या तळहाताची सालं निघाली होती.

यावर दोघं आजवर कधी बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी चहा घेतला, ड्यूटी केली, बदल्या झाल्या, लग्नं झाली, एकमेकांच्या मुलांच्या बारशाला पत्रं पाठवली. मामी असताना तिलाही हे ठाऊक नव्हतं. मी तिथे होते, म्हणून मला सांगायचंय: आपल्याकडे लढाईतल्या शौर्याच्या गोष्टी लिहिल्या जातात, पण शांततेच्या काळात, एका साध्या मंगळवारी, दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहिलेल्या या माणसांचं कुणी लिहून घेत नाही. तीस-पस्तीस जण होते त्या हॉलमध्ये. प्रत्येकाजवळ असं एक दार असणार.

पाचवा दिवस : बीच आणि स्टेशन

सकाळी पुन्हा रामकृष्ण बीच. व्हिक्टरी ॲट सी स्मारकापाशी तिघं उभे राहिलो. 1971 च्या डिसेंबरात याच बंदराच्या तोंडाशी पाकिस्तानची गाझी बुडाली, आतल्या सगळ्या माणसांसकट. शत्रूची बोट. तरीही त्या दोघांनी टोप्या काढल्या. "आतलं पाणी सगळ्यांना सारखंच," डिझेलकाका म्हणाले.

आताच्या मुलांचं शिक्षण कसं आहे, ते काकांनी सांगितलं. इथल्याच आयएनएस सातवाहन तळावर डिसेंबर 2024 मध्ये विनेत्र नावाची सुविधा सुरू झाली. पाच मीटरचा मनोरा आणि त्याला लागून पाण्याची टाकी, लार्सन अँड टुब्रोने बांधलेली. नव्या कलवरी जातीच्या बोटींतून सुटका कशी करायची ते तिथे शिकवतात. उद्घाटन व्हाइस ॲडमिरल राजेश पेंढारकरांनी केलं. मराठी नाव ऐकून मामांनी माझ्याकडे बघितलं. या नव्या बोटी आपल्या माझगाव डॉकने बांधलेल्या. शिवाय बुडालेल्या बोटीपर्यंत 650 मीटर खोल जाऊ शकणारी बचाव-पाणबुडीही आता नौदलाकडे आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियाची नंगाला 53 जणांसह हरवली, तेव्हा ही बचाव-पाणबुडी याच शहरातून मदतीला निघाली होती. नंगालातलं कुणी वाचलं नाही. पण आपण निघालो होतो, हे काकांनी दोनदा सांगितलं.

निघताना मामांनी ती गुट्टी काकांना देऊ केली. काकांनी आत जाऊन कपाटातून स्वतःची आणून दाखवली. दोन्ही शेजारी ठेवल्या, आणि आपापली उचलली. रात्रीच्या गाडीने निघालो.

सहावा दिवस : परतीची गाडी

सिकंदराबाद मागे पडल्यावर मामांनी पुन्हा वही मागितली. पेन्सिलने पाचव्या कंपार्टमेंटचा आराखडा काढायला घेतला, पात्र होण्यासाठी काढायचा असायचा तसा. मधे तीन इंजिनं, मग समुद्राच्या पाण्याची ओळ, पंप, गाळणी, जोड. प्रत्येक वाल्व्हला आकडा. गाडी हलत होती, पण रेषा सरळ येत होत्या. वाडी येईपर्यंत डावी बाजू पूर्ण झाली. उजवीकडे एका जागी पेन्सिल थांबली. दोनदा डोळे मिटले, हवेत हात नेला, मागे घेतला. मग मोबाइल काढला.

पलीकडून हॅलो आलं नसावं, कारण मामांनीही म्हटलं नाही. "उजवीकडे, पंपानंतर, जोडाच्या आधी," ते म्हणाले. "अजून एक होता ना?"

थोडा वेळ ऐकत राहिले. मग वहीत पेन्सिलने एक छोटं वर्तुळ काढलं आणि शेजारी लिहिलं: गुडघ्याच्या उंचीवर, भिंतीकडून तिसरा.